‘नॉर’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीत बी.फार्म. आणि बी.एस्सी.च्या मुलांना केमिस्ट्री शिकवते, त्याआधी रबाळे एमआयडीसीत गुणवत्ता तपासणाऱ्या (क्यूसी) लॅबला होते. दोन्हीकडे हा विषय सारखा निघतो. मुलं विचारतात, लॅबमधले ट्रेनी विचारतात, मेडिकल स्टोअरवाले विचारतात, आणि आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक तर फार काळजीने विचारतात की हे ‘नॉर’ काय लावलंय औषधाच्या नावापुढे. दरवेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

एका ओळीत सांगा, नॉर म्हणजे काय?

मूळ रेणूपेक्षा एक कार्बन कमी. कार्बन जातो तेव्हा त्याला चिकटलेले हायड्रोजनही जातात हे अर्थातच. अ‍ॅड्रिनॅलिनमध्ये ९ कार्बन आहेत, नॉरअ‍ॅड्रिनॅलिनमध्ये ८. टेस्टोस्टेरॉनमध्ये १९, नॉरटेस्टोस्टेरॉनमध्ये १८. निकोटिनमध्ये १०, नॉरनिकोटिनमध्ये ९. बहुतेक वेळा गेलेला तुकडा म्हणजे एक मिथाईल ग्रुप (एक कार्बन आणि त्याला तीन हायड्रोजन) असतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन येऊन बसतो, पण नेहमीच तसं नाही, कधी साखळीच्या मधला कार्बन जातो, कधी रिंगमधला जातो आणि सहा कार्बनची रिंग पाचाची होते.

एवढं पाठ केलं तरी परीक्षेत दोन मार्क मिळतील. पण मुलं अडकतात ती पुढे, कारण ‘एक कमी’ एवढं कळून भागत नाही, कशापेक्षा कमी आणि कुठून कमी हे कळलं पाहिजे. ठाणे-वाशी लोकलमध्ये कोणी नुसतं ‘एक स्टेशन अलीकडे उतर’ म्हणालं तर तुम्ही रबाळ्याला उतरणार की घणसोलीला? तसंच आहे हे.

हा शब्द आला कुठून? ग्रीक आहे की लॅटिन?

नॉर हा ‘नॉर्मल’ या शब्दाचा कापलेला तुकडा आहे. बस, एवढंच. नॉर्मल लॅटिनमधून आला, ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन बघायचा. गुण्याला बरोबर लागतं ते नॉर्मल, म्हणजे सरळ, नियमात बसणारं. फिजिक्समध्ये पृष्ठभागाला काटकोनातली रेष नॉर्मल असते तीही त्याच घरातली.

पण मॅडम, कार्बन काढलेला रेणू ‘नॉर्मल’ कसा? उलट ज्यात सगळं शाबूत आहे तो नॉर्मल म्हणायला हवा ना?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, आणि ज्याला हा पडतो तो मुलगा खरंच विचार करतोय असं मी धरते. उत्तरासाठी १८६० च्या दशकात जावं लागतं.

त्या वेळी लंडनमध्ये ऑगस्टस मॅथिसन आणि जॉर्ज कॅरी फोस्टर हे दोघं अफूतल्या नार्कोटिन नावाच्या अल्कलॉइडवर काम करत होते. नार्कोटिन म्हणजेच आपण नंतर खोकल्याच्या औषधात नोस्कॅपाइन म्हणून वापरलं ते. त्याचं ऑक्सिडेशन केलं की ओपियानिक अ‍ॅसिड नावाचा पदार्थ मिळतो. आता लक्षात घ्या, तेव्हा रेणूची रचना दाखवणारी एनएमआर, मास स्पेक अशी यंत्रं नाहीत, रेणूचा सांगाडा कसा आहे हे कोणालाच माहीत नाही, बेंझिनची रिंगसुद्धा केकुलेने नुकतीच १८६५ मध्ये मांडलेली. हातात काय होतं, तर तीव्र आम्ल, उष्णता आणि तराजू. पदार्थ हायड्रोआयोडिक किंवा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडबरोबर तापवायचा, मिथाईल ग्रुप मिथाईल आयोडाइड किंवा मिथाईल क्लोराइड होऊन उडून जातात, आणि उरलेल्याचं अ‍ॅनालिसिस करून किती गेले ते मोजायचं.

ओपियानिक अ‍ॅसिडमध्ये १० कार्बन. एक मिथाईल काढलं तर ९ चा पदार्थ, दोन्ही काढली तर ८ चा. आता या दोघांनी विचार असा केला की मिथाईल हे वरून लावलेले दागिने आहेत, खरा मूळ पदार्थ म्हणजे ज्याच्यावर एकही मिथाईल नाही तो. म्हणून त्या ८ कार्बनवाल्याला त्यांनी ‘नॉर्मल ओपियानिक अ‍ॅसिड’ म्हटलं, थोडक्यात ‘नॉरओपियानिक’. मग निसर्गात मिळणारं साधं ओपियानिक अ‍ॅसिड काय ठरलं, तर ‘डायमिथाईल नॉरओपियानिक’. हे १८६७ च्या आसपासचं लिखाण आहे आणि नॉरचा बहुधा सगळ्यात जुना वापर हाच.

म्हणजे बघा, त्यांच्या लेखी नॉर हा पाया होता आणि बाकी सगळं त्याच्यावर चढवलेलं. आपण आज उलट्या बाजूने बघतो, पूर्ण रेणू हा पाया आणि नॉर म्हणजे त्यातून काढलेला. शब्द तोच राहिला, बघायची दिशा फिरली. म्हणून तो आज विचित्र वाटतो.

मॅथिसन आणि फोस्टर ही नावं ओळखीची वाटतात, हे फिजिक्सवाले नाहीत का?

तेच ते दोघं! बी.एस्सी. फिजिक्सला कॅरी फोस्टर ब्रिज केला असेल, तारेचा रेझिस्टन्स मोजायचा, तो याच फोस्टरचा. आणि धातूच्या रेझिस्टिव्हिटीचा मॅथिसनचा नियम, की एक भाग तापमानामुळे आणि एक भाग अशुद्धीमुळे आणि दोन्हींची बेरीज, तो याच मॅथिसनचा. त्या काळात केमिस्ट्री-फिजिक्सच्या भिंती इतक्या पक्क्या नव्हत्या. मॅथिसन फार लवकर गेला, १८७० मध्ये, चाळिशीही गाठली नव्हती. त्याच्याबरोबर अफूच्या अल्कलॉइडवर काम करणारा सी. आर. अ‍ॅल्डर राइट म्हणजे ज्याने पुढे १८७४ मध्ये मॉर्फिनपासून डायअ‍ॅसिटिलमॉर्फिन बनवलं, जे नंतर हेरॉइन नावाने विकलं गेलं.

आमच्या सरांनी सांगितलं की नॉर म्हणजे जर्मनमधलं ‘एन ओने राडिकाल’, नायट्रोजनवर रॅडिकल (जोडलेला गट) नाही. ते चूक आहे का?

हो, चूक आहे, आणि ही गोष्ट इतक्या पुस्तकांत, इतक्या नोट्समध्ये फिरतेय की मी दर वर्षी पहिल्याच लेक्चरला ती खोडते. ‘एन, ओने, राडिकाल’ यांची पहिली अक्षरं घेतली की एन-ओ-आर, नॉर. ऐकायला इतकं चपखल बसतं की खरंच वाटतं. जॉन गॅडमसारख्या मोठ्या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञानेही एकेकाळी ती मानली होती, आणि चूक दाखवून दिल्यावर मागे घेतली.

पटत नसेल तर एकच गोष्ट तपासा. नॉर पहिल्यांदा ज्याला लावलं त्या ओपियानिक अ‍ॅसिडचा फॉर्म्युला काढा: कार्बन १०, हायड्रोजन १०, ऑक्सिजन ५. नायट्रोजन कुठाय? नाहीच. ज्या रेणूत नायट्रोजनच नाही त्याच्या नावात ‘नायट्रोजनवर रॅडिकल नाही’ असं कोण कशाला लिहील, आणि तेही इंग्रजीत पेपर लिहिणारी माणसं जर्मन वाक्याची अक्षरं घेऊन! नंतर कोणीतरी लक्षात ठेवायची युक्ती म्हणून हे बसवलं आणि पुढे लोक त्यालाच उगम समजले.

लक्षात ठेवायला वापरायचं तर तेही मी नको म्हणते, कारण १९-नॉरटेस्टोस्टेरॉन समोर आलं की मुलं त्यात नायट्रोजन शोधत बसतात. स्टेरॉइडमध्ये नायट्रोजन कुठून आणायचा?

मग बऱ्याच औषधांत नायट्रोजनवरचंच मिथाईल गेलेलं कसं दिसतं?

कारण औषधं. मॉर्फिन, कोडीन, निकोटिन, इफेड्रिन, अ‍ॅड्रिनॅलिन, या सगळ्यांत नायट्रोजनवर मिथाईल असतं, आणि यातल्या बऱ्याच औषधांवरचं ते काढायला आपलं लिव्हर टपलेलंच असतं. त्यामुळे औषधशास्त्रात नॉर म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यापुढे नायट्रोजनच येतो, आणि ती खोटी व्युत्पत्ती टिकली तीही त्यामुळेच.

कोडीनचं उदाहरण वहीत काढून बघा, फार शिकवतं ते. कोडीनवर दोन मिथाईल आहेत, एक ऑक्सिजनवर, एक नायट्रोजनवर. ऑक्सिजनवरचं काढलं की मॉर्फिन होतं. नायट्रोजनवरचं काढलं की नॉरकोडीन. दोन्हींत १७ कार्बन, १९ हायड्रोजन, १ नायट्रोजन, ३ ऑक्सिजन, अगदी एकच फॉर्म्युला, पण एक तीव्र वेदनाशामक आणि दुसऱ्यात तो जोर नाही. लिव्हरमध्येही दोन वेगळी एन्झाइम्स हे काम करतात, मॉर्फिनकडे नेणारं सीवायपी २डी६ आणि नॉरकोडीनकडे नेणारं मुख्यतः सीवायपी ३ए४. ज्यांच्यात पहिलं एन्झाइम फार जोरात चालतं त्यांच्या शरीरात कोडीनपासून धोकादायक प्रमाणात मॉर्फिन तयार होऊ शकतं. तर ‘एक मिथाईल कमी’ एवढ्यावर थांबलात तर मॉर्फिन आणि नॉरकोडीनमधला फरकच सांगता येणार नाही.

नॉर म्हणजे नेहमी एकच कार्बन जातो का?

आजच्या नियमाने हो, एक नॉर म्हणजे एक कार्बन. दोन गेले तर डायनॉर, तीन गेले तर ट्रायनॉर, पुढे टेट्रानॉर.

पण जुनी नावं या नियमाच्या आधीची आहेत आणि ती तशीच चालतात. आरतीचा कापूर घ्या. कापराचा सांगाडा बॉर्नेन, १० कार्बनचा, त्यावर तीन मिथाईल. तिन्ही काढली की ७ कार्बनचा जो पूल घातलेला सांगाडा उरतो त्याला नॉरबॉर्नेन म्हणतात. तीन कार्बन गेले तरी नॉर एकदाच! कारण इथे मॅथिसनचा जुना अर्थ चाललाय, सगळी मिथाईल काढून टाकलेला मूळ पदार्थ. तसंच नॉरडायहायड्रोग्वायारेटिक अ‍ॅसिड, लांबलचक नाव, अँटिऑक्सिडंट आहे, त्यात दोन मिथाईल गेलीत आणि नॉर एकच.

म्हणून नाव १९५० च्या आधीचं वाटलं की मी मुलांना सांगते, कार्बन मोजा, नावावर भरवसा ठेवू नका.

नॉरल्युसिन आणि ल्युसिनमध्ये कार्बन सारखेच आहेत, मी मोजले. मग?

बरोबर मोजलेत. दोन्हींत ६. नॉरव्हॅलिन आणि व्हॅलिनमध्ये दोन्हींत ५. इथे नॉरचा अर्थच वेगळा आहे, ‘नॉर्मल चेन’, म्हणजे फांदी नसलेली सरळ साखळी. ल्युसिनच्या साखळीला टोकाशी फांदी आहे, नॉरल्युसिन सरळ आहे. हा वापर आता अधिकृत नावांत चालत नाही, पण अमिनो अ‍ॅसिडच्या अ‍ॅनालिसिसला इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मोजून मिसळलेला पदार्थ) म्हणून नॉरल्युसिनची बाटली वापरतात आणि बाटलीवर तेच नाव असतं, त्यामुळे ते कुठे जात नाही. स्पर्धा परीक्षेत हमखास फसवायला हेच विचारतात.

एन-हेक्झेन, नॉर्मल सलाईन, ०.१ नॉर्मल एचसीएल, हे सगळं एकच नॉर्मल का?

नाही नाही, यात घोळ करू नका.

एन-हेक्झेनमधला छोटा एन म्हणजे सरळ साखळी, नॉरल्युसिनचा भाऊ. नावात कॅपिटल तिरका एन असेल, जसं एन-मिथाईल, तर तो नायट्रोजन. टायट्रेशनच्या बाटलीवरचा एन म्हणजे नॉर्मॅलिटी, एका लिटरमध्ये किती ग्रॅम-इक्विव्हॅलंट. आणि नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मीठ, लिटरला ९ ग्रॅम, जी नॉर्मॅलिटीत मोजली तर ०.१५४ च्या आसपास येते, १ नाही. ते रक्ताच्या जवळपासच्या ऑस्मोटिक प्रेशरचं म्हणून ‘नॉर्मल’. नायट्रोजनचा एन सोडला तर तीन वेगळे अर्थ, मूळ शब्द एक, आणि नॉर हा चौथा.

आमच्या पेशंटला आयसीयूत ‘नॉरअ‍ॅड’ लावलंय. अ‍ॅड्रिनॅलिनपेक्षा कमी ताकदीचं आहे का, म्हणून नॉर?

हे विचारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून मला नेहमी वाटतं की केमिस्ट्रीचं नाव बाहेरच्या माणसाला किती घाबरवू शकतं. नाही, कमी ताकदीचं, दुय्यम, स्वस्तातलं असं काही नाही. नॉर हे फक्त रेणूच्या रचनेबद्दल बोलतं, औषध किती जोरदार आहे याबद्दल एक अक्षर बोलत नाही. इन्फेक्शनमुळे बीपी खूप पडतं, सेप्टिक शॉक म्हणतात त्याला, तेव्हा रक्तवाहिन्या आवळून बीपी वर आणायला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हेच पहिली निवड मानतात. अ‍ॅलर्जीचा जीवघेणा झटका आला तर मात्र अ‍ॅड्रिनॅलिन. दोघांची कामं वेगळी आहेत. तुमच्या पेशंटला ते का लावलं आणि डोस वाढतोय की कमी होतोय, हे ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारा, बिचकू नका.

आणि शरीरात तर क्रम उलटाच आहे. आधी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बनतं, मग अ‍ॅड्रिनल ग्रंथीत त्याच्या नायट्रोजनवर एक मिथाईल चढतं आणि अ‍ॅड्रिनॅलिन होतं. नावात मात्र अ‍ॅड्रिनॅलिन मूळ आणि दुसरं त्यातून काढलेलं, कारण माणसाला अ‍ॅड्रिनॅलिन आधी सापडलं, जपानी केमिस्ट ताकामिने याने १९०१ च्या सुमारास ते स्फटिकरूपात वेगळं केलं. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हा नसांच्या टोकाकडून सुटणारा संदेशवाहक आहे हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलरने १९४६ मध्ये दाखवलं, त्यासाठी १९७० च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा. शोध ज्या क्रमाने लागले तोच क्रम नावात गोठून बसलाय.

नॉरएपिनेफ्रिन असं लिहिलेलं दिसलं तर ते हेच, अमेरिकन नाव.

गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी, त्यात नॉरेथिस्टेरॉन लिहिलंय. तेही हेच नॉर का?

हो, हेच. नौपाड्यात, घोडबंदर रोडला, कुठल्याही मेडिकलमध्ये सणांच्या आधी याची मागणी वाढते म्हणून बायकांना नाव चांगलं माहीत असतं. इथिस्टेरॉन नावाचा २१ कार्बनचा हार्मोनसारखा पदार्थ १९३८ पासून माहीत होता, तोंडाने घेता यायचा पण परिणाम दुबळा. स्टेरॉइडमध्ये प्रत्येक कार्बनला ठरलेला नंबर असतो, त्यातला १९ नंबरचा कार्बन म्हणजे वरच्या बाजूला उभं असलेलं एक मिथाईल. ते काढून टाकलं की नॉरेथिस्टेरॉन, २० कार्बन, आणि परिणाम कितीतरी पटीने वाढला.

या वाटेवर १९४४ मध्ये माक्सिमिलियन एरेनस्टाइनने १९ नंबरशिवायचं प्रोजेस्टेरॉन बनवून पाहिलं होतं, १९५० मध्ये आर्थर बर्चने १९-नॉरटेस्टोस्टेरॉन केलं, आणि १५ ऑक्टोबर १९५१ ला मेक्सिको सिटीत सिंटेक्सच्या लॅबमध्ये कार्ल जेरासीच्या टीममधल्या लुईस मिरामोंतेस या तरुण केमिस्टने नॉरेथिस्टेरॉन तयार केलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा सगळा इतिहास या एका काढलेल्या कार्बनभोवती फिरतो. मी वर्गात हे सांगताना नेहमी थांबते, कारण मुलींना ते भिडतं, त्यांच्या आयांच्या पिढीचं आयुष्य बदलणारी गोष्ट एका मिथाईलच्या जागेवर अवलंबून होती.

आणि एक कळकळीने सांगते, ही गोळी मैत्रिणीने घेतली म्हणून आपण घेतली असं करू नका. मोठ्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इथिनाइल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो. ज्यांना आधी रक्ताची गुठळी झालीय, डोळ्यांपुढे चकाकी येऊन अर्धशिशी उठते, लिव्हरचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

लेव्होनॉरजेस्ट्रेल? नावात किती काय काय!

७२ तासांच्या आत घ्यायच्या इमर्जन्सी गोळीत हेच असतं, १.५ मिलिग्रॅम. लेव्हो म्हणजे दोन आरशातल्या रूपांपैकी एक. नॉर म्हणजे इथेही १९ नंबरचं मिथाईल नाही. पण गंमत अशी की दुसऱ्या जागी, १३ नंबरवर, मिथाईलच्या जागी इथाईल आहे, म्हणजे एक कार्बन जास्त. एक गेला, एक आला, एकूण पुन्हा २१. नुसते कार्बन मोजून बसलात तर वाटेल नॉर खोटं बोलतंय. म्हणूनच मी नंबर विचारते.

जिममध्ये ‘डेका’ म्हणतात ते आणि नॉर यांचा काय संबंध?

नँड्रोलोन डेकॅनोएट. नँड्रोलोन म्हणजेच १९-नॉरटेस्टोस्टेरॉन. ते घेतलेलं लघवीत १९-नॉरअँड्रोस्टेरॉन या रूपात दिसतं आणि डोपिंग टेस्टला पकडतात ते त्यावरून. जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून टोचून घेऊ नका. स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं बंद पडतं, पोरं फार लहान वयात हे करतायत.

अमिट्रिप्टिलिन बदलून नॉरट्रिप्टिलिन दिलं, डॉक्टरांनी औषध बदललं की नाव?

औषध बदललं, पण नातं अगदी जवळचं. पहिल्याच्या नायट्रोजनवर दोन मिथाईल, दुसऱ्याच्या एक. तुम्ही पहिलं घेत होतात तेव्हाही लिव्हर त्यातल्या काही भागाचं दुसरं बनवतच होतं. नॉरट्रिप्टिलिनने साधारणपणे गुंगी आणि तोंड कोरडं पडणं कमी होतं, डायबेटिसमुळे पायांना मुंग्या-जळजळ असणाऱ्या वयस्कर लोकांना बरेचदा म्हणून ते देतात. जुनी पट्टी घरात उरली असेल तर दोन्ही एकदम घेऊ नका.

औषधं सोडून रोजच्या वापरात कुठे नॉर असतं का?

पिवळ्या बटरच्या वेष्टनावर रंग १६०बी वाचा. तो शेंदरीच्या बियांचा रंग, अ‍ॅनॅटो. शेंदरीची काटेरी लाल बोंडं फोडली की बोटांना जो केशरी रंग लागतो तोच. बियांवर मुख्यतः बिक्सिन असतं, २५ कार्बनचं, त्याच्या एका टोकाला मिथाईल एस्टर. अल्कलीत घातलं की एस्टर तुटतो, मिथाईल जातं, दोन्ही टोकांना अ‍ॅसिड उरतं, ते नॉरबिक्सिन, २४ कार्बन. बिक्सिन तेलात मिसळतं, नॉरबिक्सिन अल्कलीच्या पाण्यात. म्हणून तेला-तुपातल्या पदार्थाला एक आणि चीजसारख्याला दुसरं. एक मिथाईल गेल्याने काय होतं हे वर्गात दाखवायला याच्याइतकं स्वस्त उदाहरण नाही, शेंदरीच्या चार बिया, थोडं तेल आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी.

दुसरं उदाहरण सांगायला नको वाटतं पण सांगते. तंबाखूतलं नॉरनिकोटिन. पान वाळवताना, मुरवताना त्यापासून एनएनएन नावाचं नायट्रोसअमाइन बनतं आणि ते माणसात कॅन्सर करतं हे पक्कं ठरलंय, आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे. मळलेली तंबाखू, गुटखा, मशेरी, ‘धूर नाही म्हणजे त्रास नाही’ असं म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

नॉर आणि डेसमिथाईल एकच ना?

मिथाईल गेलं असेल तर हो, नॉरफ्लुऑक्सेटिन आणि डेसमिथाईलफ्लुऑक्सेटिन एकच. नुसतं ‘डेस’ असेल तर काय गेलं ते बघावं लागतं, डेसलोरॅटाडिनमध्ये मिथाईल नाही, अख्खा इथॉक्सिकार्बोनिल ग्रुप गेलाय. होमो म्हणजे नॉरच्या उलट, एक कार्बन जास्त. सेको म्हणजे रिंग उघडलेली, व्हिटॅमिन डी हे सेकोस्टेरॉइड.

लॅबमध्ये नॉर इम्प्युरिटी कशी ओळखायची?

एलसी-मासवर, म्हणजे घटक वेगळे करून त्यांचं वजन मोजणाऱ्या मशीनवर, इम्प्युरिटी औषधाच्या मुख्य पीकपेक्षा (आलेखावरच्या शिखरापेक्षा) बरोबर १४ ने कमी दिसली तर पहिला संशय नॉरचा, कारण सीएच२ गेला की १४ जातात. अमिट्रिप्टिलिन २७८ ला दिसतं, नॉरट्रिप्टिलिन २६४ ला. पण ट्रेनींना मी बजावून सांगायचे, १४ दिसलं म्हणून रिपोर्टमध्ये नॉर लिहून मोकळे होऊ नका. कुठला सीएच२ गेला हे १४ सांगत नाही. दोन हायड्रोजन मिळून एका ऑक्सिजनच्या जागी आले तरी १४ च कमी होतात, साध्या मशीनवर फरक कळत नाही. फ्रॅगमेंट्स बघा, स्टँडर्ड (ओळखीचा शुद्ध नमुना) असेल तर दोन्ही एकत्र टाकून बघा, म्हणजे को-इंजेक्ट करा, मग लिहा.

आणि नॉर प्रत्येक वेळी नको असलेली घाण नसते. नायट्रोजन मोकळा झाला की त्यावर हवं ते लावता येतं. नॉरऑक्सिमॉर्फोनवर अलाईल ग्रुप लावला की नॅलोक्सोन, अफूवर्गीय औषधांच्या ओव्हरडोसमधून माणसाला परत आणणारं इंजेक्शन.

लिहायचं कसं? मध्ये डॅश द्यायचा का?

नॉर आणि पुढचं नाव जोडून, नॉरमॉर्फिन. पुढे अल्फासारखं काही आलं तर डॅश. गेलेल्या कार्बनचा नंबर आधी, १९-नॉर. आणि महत्त्वाचं, कार्बन गेला म्हणून बाकीच्यांचे नंबर बदलायचे नाहीत, १८ नंतर थेट २० येतो, मधली जागा रिकामीच ठेवायची. उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

नॉरफ्लॉक्सासिनमध्येही कार्बन कमी आहे का?

इथे जरा सांभाळून. पोट बिघडल्यावर पूर्वी सर्रास मिळायची ती गोळी. औषधांच्या जेनेरिक नावात शेवटचा भाग गट सांगतो, ‘ऑक्सासिन’ म्हणजे या जातीचं अँटिबायोटिक, पुढचा भाग बनवणाऱ्याच्या मनाचा असू शकतो. त्यामुळे नावात नॉर दिसलं की लगेच कार्बन वजा करायला बसू नका. रचना बघितली तर नॉरफ्लॉक्सासिनच्या टोकाच्या नायट्रोजनवर एक मिथाईल चढवलं की पेफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे नातं नॉरसारखंच दिसतं, पण त्यावरून नावाचा उगम तोच असं म्हणता येत नाही. दोन्हींच्या रचना शेजारी-शेजारी काढा, पाईपरॅझिनच्या रिंगमधल्या बाहेरच्या नायट्रोजनवर बोट ठेवा, फरक तेवढाच आहे.